गाद्यांमागची गिटार

...नाही, तुम्हीच सांगा, कचरासुद्धा धुऊन, पुसून, सुटा करून टाकायचा, हा काय जाच आहे? पण जपानात, आमच्या मात्सुमोतोत हे असंच! लाकूड मंगळवारी, धातू शुक्रवारी, आणि दोन्ही एकत्र दिसलं की शेजारच्या मोमोसेबाई तो कचरा उचलून परत आमच्या दारात आणून ठेवणार, वर कमरेत वाकून, गोड आवाजात, "फुरिहाताबाई, आपल्याकडून चुकून झालं असेल हं!" चुकून म्हणे! त्यापेक्षा शिव्या घाला ना बाई!

तर गाद्यांच्या कपाटात, अगदी मागे, आमच्या ह्यांची गिटार. विजेवर वाजणारी. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच. वाजवत नाहीत, कुणाला देत नाहीत, मला हात लावू देत नाहीत. बरं, भारीतली असती तर गोष्ट वेगळी... पण स्वस्तातली हो, अगदी स्वस्तातली!

तुम्हाला सांगते, आमच्या तरुणपणी या गिटारींचं नुसतं वेड आलं होतं. शाळांनी बंदी घातली, वाजवेल तो वाया गेला म्हणायचे, पण पोरं ऐकतायत कुठं! त्यात अमेरिकेला तर जहाजं भरभरून जायची. मग काय, गावातले कपाटं करणारे सुतार गिटारी करायला लागले. आमचे हे त्यातलेच, गावातल्या गिटारींच्या कारखान्यात. खरी गिटार कुणी पाहिली होती? समोर एक फोटो, त्यात पुढची बाजू. मग मागची कशी करायची? ह्यांनी मागची बाजू केली मुलीच्या लग्नात द्यायच्या कपाटासारखी, घासून घासून अशी, की तोंड बघून घ्या! अहो, जी बाजू वाजवणाऱ्याच्या पोटाला लागणार, तिच्यावर एवढी मेहनत? आणि पुढं बटणं इतकी, की कशानं काय होतं ते करणाऱ्यालाही ठाऊक नाही. स्वस्तातली हो!

मीही त्याच कारखान्यात. तारांखाली चुंबक बसवतात ना, त्याला केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची, दिवसभर. शेवटी बांधायचा दोरा प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा, म्हणजे कुणाचं बिघडलं ते साहेबांना लगेच कळावं! पुढं ते वेड ओसरलं, कारखाना बंद, उरलेल्या गिटारी जळणात गेल्या. आणि आता परदेशातली पोरं त्याच शोधत येतात, म्हणतात, असा आवाज आता होत नाही!

ते असो. परवा हे न्हाव्याकडे गेले आणि मी म्हटलं, आज निकाल! मंगळवारची गाडी यायच्या आत लाकूड वेगळं, धातू वेगळा. स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण उचललं... आत जांभळा दोरा.

माझा दोरा!

एवढ्या गिटारी जगभर गेल्या, आणि ह्या माणसानं नेमकी माझ्या हातची... तेवढ्यात हे दारात! म्हटलं, "अहो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हं."

"हं काय, हं! ही लग्नाआधीची आहे!"

ह्यांनी पुढं येऊन गिटार मांडीवर घेतली, झाकण बसवलं, जुन्या रेडिओला जोडली आणि एक तार छेडली. अगंबाई! काचा थरथरल्या हो! असा गुरगुरत, असा पोटातून आला तो आवाज... इतकी वर्षं तार गुंडाळली, पण आपल्या हातून काय निघतं ते मी कधी ऐकलंच नव्हतं! डोळ्यांना धार लागली. मोमोसेबाई तणतणत कुंपणाशी आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या, तक्रार करायची विसरूनच गेल्या. स्वस्तातली हो... आणि असं काही!

मग मी जरा लाजतच विचारलं, "माझी आठवण म्हणून ठेवलीत?"

हे म्हणाले, "नाही. तू तार जास्त गुंडाळली होतीस. म्हणून ही एकटीच फार ओरडायची. साहेबांनी उघडून दोरा पाहिला असता तर तुला काढलं असतं. म्हणून मीच विकत घेतली."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं."

घ्या! आता ह्या माणसाशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं? आणि भांडायचं नाही तर मग माझा दिवस जायचा कसा?