गुळाचं पाणी

न्हाई, न्हाई, किसनसिंगभाऊ, हात नका घालू ढोलीत! आधी तो गोवरीचा धूर इझवा अन् माझं आईका — काढू नका म्हणते का मी? काढा की. पण कांद्याच्या डोंगळ्याचा फुलोरा सरू द्या, मग काढा. मध सारा तुमचा, मला बोट चाटायला बी नको. ते काय, चिंचंच्या पल्याड पांढरे गोंडे दिसून राहिले न्हाई का, ते माझेच. कांद्याचं बी करून राहिले यंदा. अन् बीच भरून न्हाई राहिलं! गोंडा चोळला की हातात नुसतं भूस. काहून? माशी न्हाई म्हणून. माशी ह्या फुलावरून त्या फुलावर बसती, तिला खायला भेटतं, तवा कुठं बी धरतं अन् आपल्याला खायला भेटतं — हे मी काय सांगावं, तुमी तर मोहोळं काढत गावोगाव हिंडता.

शेत माझं न्हाई भाऊ. विश्वंभरभाऊचं हाय, बटईनं दिलं. त्यानं बराबर सांगितलंय — सोजराबाई, यंदा बी झालं तर पुढं बी तुमीच करा, न्हाई झालं तर मी आपलं सोयाबीन टाकतो. मग आमी मायलेकी कुठं जावं? ऊसतोडीला. दुसरं काय हाय? करुणा नववीत हाय, पुस्तकातून मान वर करत न्हाई. त्या लेकराच्या हातात कोयता देऊ का मी? सांगा ना. देऊ?

आधी असं नव्हतं हो. गोंडे उमलले तवा सकाळी रानात बोललेलं आईकू येत नव्हतं, इतक्या माश्या. तारंवर येडे राघू बसायचे, झेप घेऊन माशी उचलायचे — मी ढेकळं मारायची, म्हणायची मेल्याहो, माझ्या माश्या खाता! आता तार रिकामी. त्याहीला खायलाच काही न्हाई तर बसतील कशाला? या म्हणलं तरी येत न्हाईत. विश्वंभरभाऊच्या फवारणीनं माश्या मेल्या असं मी गावात सांगते. सांगते, व्हय. फवारलं होतं त्यानं, हरभऱ्यावर — पण ते लई आधी, गोंडे उमलायच्या बी आधी...

गुळाचं पाणी मारलं की माशी जास्त येती, सारेच मारतात. मी बी मारलं. गूळ दोन मुठी जास्तीच घातला, म्हणलं येऊ द्या पोटभर. पंप? पंप घरचाच. घरचाच म्हणजे — फुलकिड्याचं औषध मी त्याच पंपानं मारलं होतं. धुतला होता की! पाणी घालून हिसळला, सांडून दिलं. वास येत होता जरासा. म्हणलं, गुळात काय कळतंय... अन् आल्या हो भाऊ, इतक्या आल्या! करुणा टाळ्या वाजवत होती बांधावर. दुपारी साऱ्या वाफ्यात पडल्या. पाय हलवत होत्या. मुंग्या त्याहीला ओढत बिळाकडं न्यायला लागल्या, अन् मग त्या मुंग्या बी वाटंतच पडल्या. जेवायला बोलावलं अन् ताटात काय वाढलं म्या! कोणाला सांगू? करुणाला बी न्हाई सांगितलं. तुमाला बी न्हाई सांगायचं होतं.

म्हणून म्हणते, हे एक राहू द्या. एवढंच राहिलंय. रोज सकाळी मी इथं येते, ढोलीकडं पाहत उभी राहते. चावत बी न्हाईत मला, गुणाच्या... आता काहून हात घातला? अन् धूर न देता? चावतील ना —

काय म्हणले?

टाका. खाली टाका. पाहू द्या मला.

हे पोळं तर कोरडं हाय. किती हलकं. यात एक बी —

उतरा भाऊ. हळू उतरा, चिंचंची फांदी दगा देती. जा तुमी आता, उन्हाच्या आत गोरेगाव गाठा. न्हाई, मी बरी हाय. जा म्हणते ना!

करुणे! ए करुणे! माझ्या जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या फाड अन् इकडं ये. चिंधी ह्या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरवायची, माशीवानी, साऱ्या रानात. ... दप्तर ठेव खाली. साळंला आज न्हाई जायचं.