काटा बंद

(साखर कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली, १९९६. भारती ऊस मोजायच्या काट्यावरची ऑपरेटर. सम्राट नवा प्रोग्रॅम बसवायला पुण्याहून आलेला.)

भारती : सर, खरं सांगा. काटा माझ्यामुळं बंद पडला का?

सम्राट : नाही. कोण म्हणतं?

भारती : सगळं यार्ड म्हणतंय, बाईनं कायतरी दाबलं. मी नुसता गाडीचा नंबर टाकत होते, तर स्क्रीन जागच्या जागी थिजला.

सम्राट : माझ्यामुळं झालं. नव्या प्रोग्रॅमच्या ढीगभर फायली आहेत. बिल्ड करताना, म्हणजे त्या जोडून चालता प्रोग्रॅम बनवताना, प्रत्येक फाइलला एक चाइल्ड प्रोसेस, म्हणजे मशीनवर एक वेगळं काम, सुटते. एका वेळी दोनच सुटाव्यात, एक संपली की पुढची, अशी मर्यादा मीच घातली होती. आज काढून टाकली.

भारती : का पण?

सम्राट : लवकर उरकावं म्हणून. सगळ्या एकदम सुटल्या अन् मेमरी खाऊन बसल्या. काटाही ह्याच मशीनवर चालतो, हे डोक्यातच आलं नाही. आता त्या सगळ्या मारल्यात. मशीन मोकळं होतंय.

भारती : मग साहेबांना सांगा ना. उद्यापासून येऊ नको म्हणालेत मला. नगरला क्लास करून मिळालेली नोकरी आहे, सर.

सम्राट : व्होल्टेज कमी झालं होतं, असं सांगितलं तर?

भारती : पंखा तर गरगर फिरत होता. दारात रांगेतले गाडीवाले काका आलेत. या काका, आत या.

रंभाजी : सम्राट, झालं का रं? बैलं उन्हात हायेत. कळत न्हाई तर ह्या बाईनं मशीनला हात कशाला लावावा?

सम्राट : आप्पा, त्यांचा काही दोष नाही. मी घाई केली.

रंभाजी : कशाची घाई?

सम्राट : तुमची गाडी काट्यावर यायच्या आत नवा प्रोग्रॅम सुरू करायचा होता. पहिली पावती तुमच्या नावाची निघावी, मराठीत छापलेली. लई लाज वाटतेय, आप्पा. बाहेर तोंड दाखवायचं धाडस होत नाही. म्हणतील, वस्तीवरच्या पोराच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं.

रंभाजी : म्हनतील. आजवर काय कमी म्हनले? बाई, मगाशी बोललो ते मनावर घिऊ नका. चुकलं माझं.

भारती : असू द्या, काका.

रंभाजी : चल, अदुगर सायबाकडं. मग यार्डात.

सम्राट : तुम्ही बसा इथं. मी एकटाच जातो.

रंभाजी : सकाळधरनं रांगेत सगळ्यास्नी सांगत हिंडलोय, आत माझा पोरगा हाय म्हनून. आता कसा बसू?