घानाची बी आणि दाजींचं गाऱ्हाणं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक सांगा – परका कोण? एवढा मोठा आपला देश. चीनकडून यंत्रं घेतो, आखातातून तेल घेतो, अमेरिकेला औषधं पाठवतो. सोयरीक साऱ्या जगाशी! आणि सोवळं? ते घरच्या उंबऱ्यापुरतं.

ऐका तर. कोकणात समुद्राकाठी एक गाव. तिथे दाजी तुळसकरांचा काजूचा कारखाना. चाळीस बायका बी फोडायच्या. गावची बी उन्हाळ्यात दोन-तीन महिने पुरते. मग वर्षभर? बोटीने आफ्रिकेतून येते, घानाहून! इथे सोलायची, थोडी इथेच विकायची, बाकीची दुबईला धाडायची. डब्यावर छापलेलं काय – ‘कोकणची चव’. हसता काय? विकत तुम्हीच घेता.

कार्तिकात देवाची जत्रा. नेमका तेव्हाच घानाचा व्यापारी क्वाबेना पुढच्या मालाचा करार करायला आला. भला माणूस. चपला काढून, हात जोडून उभा राहिला. दाजी म्हणाले, “परको माणूस, पंगतीत नको. पान भायर वाढा.” आणि शिऱ्यात काजू कुणाचे? त्याचेच!

मग दाजींनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं – म्हणजे एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. खणखणीत आवाज. “बा देवा म्हाराजा, परक्याचो माल आमच्या येशीत येव नये!”

चाळीस बायका म्हणाल्या, “व्हय म्हाराजा!”

क्वाबेनाने कारकुनाला विचारलं, काय मागितलं? कारकून प्रामाणिक – असे असतात काही – त्याने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. क्वाबेना गंभीर झाला. म्हणाला, “मी देवाला मानतो. तुमच्या देवाचा शब्द मोडून माल कसा पाठवू?” न जेवताच उठला. पुढची बोट गेली व्हिएतनामला.

महिन्यात कारखान्याला कुलूप. दाजींनी चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांचा माल आधीच विकलेला. मग धावले देवळात. तिथे शेवंती धुरी बसलेली. वीस वर्षं बी फोडून बोटं काळी पडलेली बाई, घरात नवरा अंथरुणावर, कमावती ती एकटी. दाजी देवापुढे रडायला लागले.

शेवंती म्हणाली, “दाजीनु, रडतास कित्याक? तुमी मागलास, देवान दिल्यान. तुमका सांगान काय, माझोच माका राग येता. कसला गाऱ्हाणा ता आयकलंय नाय. मी पण ‘व्हय’ म्हटलंय. माझ्याच तोंडान माझी रोजी घालवलंय.”

दाजींनी डोळे पुसले आणि देवाकडे बघितलं. देव शेवंतीकडे बघत असावा.

तर मंडळी, तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. आपण मान डोलावतो. कशाला डोलावली, ते घरी चूल विझल्यावर कळतं. आता मीच विचारतो – परक्याला गावाबाहेर काढायचं ना? म्हणा बघू, व्हय म्हाराजा!

का हो, गप्प का? शेवंतीने एवढाच वेळ घेतला असता, तर पुरे होतं.