वाढत्या अंगाची फ्रेम

हॅलो?… हॅलो, ताई? मी बोलतेय… अगं मी! शिलाई मशीन थांबव आधी, नुसती घरघर ऐकू येतेय…

हं. आता कसं.

नाही, काही झालं नाही. कुणी पडलं नाही. तुझ्या लेकीचे हातपाय जागच्या जागी आहेत, माझेही आहेत… मग धापा का टाकतेय म्हणून काय विचारतेस, आनंदाने टाकतेय! ताई, भिंगरीने उडी मारली!

ती उडी गं! टेकडीवरच्या सायकलच्या वाटेवरची, तिसऱ्या वळणाच्या पुढची, लाकडी फळ्यांची. दोन वर्षं जिच्यापाशी येऊन ब्रेक दाबून उभी राहायची ना, ती. मारली! एकदा नाही, चार वेळा. चौथ्यांदा तर हवेतूनच मला हाक मारली कार्टीने…

हो, हो… हेल्मेट होतं. तोंड झाकणारं. गुडघ्याला, कोपराला, पाठीला, सगळीकडे काही ना काही होतं. एवढं बांधलेलं होतं की आत पोरगी आहे की गादी, कळत नव्हतं… अगं ऐक ना.

आता? आता दुकानात आहोत. सायकलच्या. दुकानवाल्या काकांनी सकाळी त्यांच्या गाडीतून टेकडीवर नेलं आम्हाला, चालवून बघायच्या दोन सायकली टाकून. एक लहान मापाची, एक मधल्या मापाची. म्हणाले, कागदावरची मापं बाजूला ठेवा, पोरीला उतरू दे दोन्हींवरून. आत्ता परत आलो. आणि तुझी भिंगरी मागच्या खोलीत फ्रेमला मिठी मारून उभी आहे. काका म्हणतात सोड, मला स्टँडला लावायचीय. सोडत नाही.

फ्रेम म्हणजे नुसता सांगाडा गं, तेवढाच नवा घ्यायचा. चाकं आणि पुढचं चाक धरणारा काटा काकांकडचे, वापरलेले पण धडधाकट. ब्रेक, हँडल, सीट आपल्या जुन्या सायकलची निघतील.

रंग?… रंगाचं नंतर बोलू.

नाही, लपवत नाहीये. हिरवा आहे. म्हणजे… पिवळ्याकडे झुकणारा हिरवा. आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. तिला मात्र जगात दुसरा रंगच नाही असं वाटतंय.

माप?

ताई, तेच सांगायला फोन केला. लहान.

ल-हा-न.

हो, ऐकलं मी सकाळी. ‘मधलं घे, वाढत्या अंगाची पोर आहे, तीन वर्षं जायला हवी.’ ऐकलं, मान डोलावली आणि निघाले. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं… पण आता नाही वाटत… अगं, मला पूर्ण बोलू दे की!

हे बघ. मधल्या मापावर ती बसली. हात पार ताणलेले. अंग मागे, हँडल कुठे तरी पुढच्या गावात. वळणावर पुढच्या चाकावर वजन टाकायचं असतं ना, ते टाकायला तिचं अंग तिथपर्यंत पोचतच नाही. मग ती काय करणार? ब्रेक दाबणार. तिसऱ्या वळणावर नेहमीसारखी थांबली. खाली मान घालून चालत खाली आली. मग लहान मापावर बसवली. कोपरं वाकलेली, छाती हँडलवर, मांजर उडी मारायच्या आधी बसतं तशी. आणि गेली! मी खालून बघत होते…

मोठी असली की स्थिर राहते? बरोबर आहे तुझं. खरंच बरोबर आहे, काकांनाही विचारलं मी. सरळ उतारावर वेगात लांब फ्रेम डगमगत नाही, म्हणाले. पण ज्याचं अंग तिला पुरतं त्याच्यासाठी. हिच्या हातात हँडलच नीट येत नाही, ती स्थिर काय ठेवणार?

मला काय कळतं म्हणजे? ताई, मी बारा वर्षं बस चालवतेय! आमच्या डेपोत तो उंच ड्रायव्हर आहे ना, आम्ही त्याला शिडी म्हणतो, त्याच्यानंतर माझी पाळी असते. त्याची सीट पार मागे. ती पुढे ओढल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही. चाळीस माणसं बसलेली असतात मागे. ‘वाढीन हळूहळू’ म्हणून तशीच चालवू का?

हस, हस. पण पटलं ना?

अर्धं?… अर्धं तर अर्धं.

हो गं, वाढणारच आहे ती. तुझ्या दाराच्या चौकटीवरच्या रेघा मी बघितल्यात. तुझी मुलगी आहे, तेरा वर्षांची आहे, कणसासारखी वाढतेय, सगळं मान्य. पण आपल्या घराला खोडच आहे ही! तू गणवेश शिवतेस, तिथे ठीक आहे. मनगटाशी बाही दुमडली, खाली दुमड घातली, पोरगं शाळेत जाऊन बसतं. माझा चौथीतला फ्रॉक आठवतो? मैदानावर पळताना मी पुढे जायचे आणि फ्रॉक मागून यायचा. सातवीत तो अंगाला बसला आणि त्याच महिन्यात फाटला!

हो, तूच शिवला होतास. प्रेमाने शिवला होतास, कोण नाही म्हणतंय?

सायकलची बाही दुमडता येत नाही गं ताई.

काका? हो काका, बोलतेय तिच्याशीच… दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं… ताई, काका विचारतायत ठरलं का. कारण असं आहे की या मापाची ही एकच उरलीय. दुसरी मागवली तर यायला तीन महिने. आणि तिच्या सायकल क्लबच्या संघाची निवड सहा आठवड्यांवर आलीय. आणि त्यात एक बाई येऊन बघून गेल्यात, त्यांच्या भाचीसाठी. समोर चहा प्यायला गेल्यात. काकांनी सांगितलंय त्यांना, आधी या आल्यात, यांचं होऊ दे. चहा किती वेळ पुरणार?

हो, हो, दुकानदार असंच म्हणतात, मलाही आला होता संशय. पण ती बाई खरी आहे. मला दिसतेय इथून. बशीत ओतून पितेय, म्हणजे घाईत आहे.

थांब, एक चांगली गोष्ट सांगायची राहिलीच! तुला आवडेल ही. तू शिवणीत सोडतेस तशी या फ्रेमला आत माया सोडलेली आहे… अगं खरंच! हँडलचा दांडा जिथे फ्रेममध्ये जातो ना, तिथे एक कडी बसवलेली असते. ती काढून उलटी बसवली की हँडल बोटभर पुढे जातं. काकांनी माझ्यासमोर करून दाखवलं. पुढच्या वर्षी ती वाढली की उलटवायची. म्हणजे आज अंगाबरोबर, आणि वाढली की उसवून मोठी करायची. तू करतेस तसंच.

किती?… बोटभर म्हणजे माझं बोट. तुझं नाही, तुझी बोटं सुया धरून बारीक झालीयेत.

एक वर्ष, फार तर दीड. नाही, तीन नाही. खोटं कशाला सांगू? तीन वर्षं नाही जाणार.

बघ, पुन्हा तेच…

अगं पण…

ताई. ताई, ऐक.

नाही, तू आता ऐकच. थांब जरा, मी बाहेर येते. भिंगरीसमोर नको.

हं. आले. मागच्या अंगणात आहे, जुन्या टायरांच्या ढिगाशी. तू विचारलंस ना, तिला एवढा त्रास होता तर ती स्वतः का नाही बोलली? सांगते. मी सांगणार नव्हते. तिने शपथ घातली होती मला.

सकाळी गाडीत, टेकडीकडे जाताना, काका पुढे होते, आम्ही दोघी मागे सायकली धरून. मला हळूच म्हणते, मावशी, संघासाठी माझं नाव देऊ नको. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, मी भित्री आहे. बाकीच्या सगळ्या मुली जातात त्या वळणावरून, माझेच हात दगड होतात. मी भित्रीच आहे मावशी, आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल.

दोन वर्षं, ताई. दोन वर्षं ती पोर स्वतःला भित्री समजतेय.

आपल्याला काय वाटलं? सरावाला नको म्हणते, म्हणजे अभ्यासाचा ताण असेल. पोटात दुखतं म्हणते, म्हणजे काही तरी खाल्लं असेल. तिच्या मनगटाला प्लास्टर बसलं तेव्हा आपण तिलाच बोललो, वेग आवर म्हणून. वेग कसला? हात पोचत नव्हता तिचा! ती जुनी सायकलही आपण एक माप मोठीच घेतली होती ना…

बोलायचं कसं तिने? तू रात्रंदिवस मशीनवर बसून घेतलीस ती सायकल. घरी आणलीस तेव्हा स्वतः पुसलीस, सगळ्या गल्लीला दाखवलीस. तिला वाटलं, आईने एवढ्या हौसेने घेतली, आपणच कमी पडतोय. सायकल मोठी आहे हे त्या लेकराच्या मनातच आलं नाही. तिला वाटलं, आपण लहान आहोत.

आज लहान मापावरून उडी मारली ना पहिल्यांदा, तर खाली आली, सायकल गवतावर ठेवली, हेल्मेट काढलं. मी पळत गेले, वाटलं लागलं की काय. तर हसतेय आणि रडतेय, एकदमच. मला म्हणते…

थांब, मलाच भरून आलं…

मला म्हणते, मावशी, मी भित्री नव्हते गं.

हॅलो?

ताई?… रडतेस?



नाही, नाही, नाही. असं नाही बोलायचं. तुझी चूक कशी? मी रोज सीट पुढे ओढून बसते आणि मला दोन वर्षं तिचे ताणलेले हात दिसले नाहीत. मी तर टेकडीवर हजर असायचे! तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी… बरं, तुझी मोठी. असू दे, तुझीच मोठी. थोरली आहेस, घे तू. आता डोळे पूस. समोर कापड आहे ना कुणाचं? त्याला डाग पडतील.

हं.

हं… हो, ऐकतेय.

काय म्हणालीस? परत म्हण.

परत एकदा म्हण, इथे मागच्या रस्त्यावरून गाडी गेली…

लहान? नक्की? ‘आज बसते ती घे’… असंच म्हणालीस ना? मग दुकानात जाऊन सांगते हं काकांना, आता माघार नाही! काका! ओ काका! बांधा! लहानच! लावा स्टँडला!… हो, आई हो म्हणाली! अहो, त्या बाई कप ठेवून उठल्या बघा, सांगा त्यांना आधी!

ऐकलीस किंकाळी? तुझ्याच लेकीची आहे ती. दुकानातले नट आवळायचे दोन पाने पडले खाली. काका हसतायत, त्यांचे दात मी आज पहिल्यांदा बघितले.

संध्याकाळपर्यंत होईल म्हणतात. आणि मागचा, धक्के झेलणारा शॉक तिच्या वजनाला बसवून देणार आहेत, नाही तर तो कुणा पैलवानाच्या मापाने लावलेला असतो, दबतच नाही. सगळं करून देतायत. तू काळजी करू नको.

काय?… कधी? रविवारी?

तू येणार? टेकडीवर?

ताई, तू कधी गेटाच्या आत आली नाहीस गं. दोन वर्षं गेटाबाहेरच्या बाकावर टेकडीकडे पाठ करून बसतेस, गणवेशाची काजं करत… नाही, ये ना! ये, ये! कुठे उभी राहणार?… तिसऱ्या वळणावर. बरं. डोळे मिटायचे नाहीत पण. मी तुझ्या बाजूला उभी राहीन, हात धरून. माझाच हात मोडशील दाबून, तरी चालेल.

हो. हो गं. सांगते तिला.

नाही, थांब. हे मी नाही सांगणार. ‘चूक माझी होती’ हे मावशीच्या तोंडून ऐकून काय उपयोग? तू सांग. आत्ताच सांग. देते तिला फोन… आवाज फुटत नसला तर नसू दे. तशीच बोल.

भिंगरे! ये इकडे. हात पूस आधी, ग्रीस लागलंय… घे. आई आहे फोनवर.

नाही गं वेडे, रागावलेली नाहीये. रडतेय. घे लवकर.