लतीफभाईचं चामडं

लातूरच्या लतीफभाईचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, हे तुम्हाला ठावं हाय. तो तिकडं पिस्तूल कमरेला अडकवायचे चामडी होल्स्टर शिवतो, मी इथं नांदेडात. पण पिस्तूलवाले साहेब माझ्याच दुकानात येऊन म्हणतात, “लतीफभाईसारखा शिवून द्या.”

चामडं आम्ही दोघंही देगलूरच्या एकाच शेठकडून घेतो. मी वाकवून, नखानं दाबून, पाठीचं घट्ट तेवढंच निवडतो. एकदा न राहवून विचारलंच, “शेठ, त्याला कोणतं भारी चामडं देता?”

शेठ हसले. “भारी कुठलं? तुम्ही बाजूला टाकलेलंच नेतात ते.”

माझी झोपच उडाली. ठरवलं, आता याच्यासाठी तेही ठेवायचं न्हाई. पुढच्या खेपेला पोटाकडचं सैल, डागाळलेलं सगळं मीच उचललं. पैसे तेवढेच होते, म्हणून पाठीचं चांगलं तिथंच सोडलं. घरी येऊन पहिला होल्स्टर शिवला, तर पिस्तूल आत पाळण्यासारखं डुलून राहिलं!

तेवढ्यात शेठचा फोन. “लतीफभाई आलेत. विचारून राहिलेत, यावेळी एवढं भारी चामडं मागं ठेवलं, तुमची तब्येत बरी हाय ना?”