पाव कॅसेटवरचं मत

पनवेलला माझी व्हिडिओ लायब्ररी होती, तेव्हा बँकेतले कुलकर्णी आमचे घरचे समीक्षक. त्यांनी कौटुंबिक सिनेमाला ‘रडका’ म्हटलं की बायका तो हटकून नेत, विनोदीला ‘पाचकळ’ म्हटलं की कॉलेजची मुलं. एकदा भुताचा सिनेमा परत करताना चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “शेठ, भीती कसली? शेवटाला तर मी हसलो.”

ते कॅसेट कधी मागे फिरवून आणत नसत, त्यामुळे सिनेमा कुठे थांबवला ते टेप बघून कळायचं. ही जेमतेम पाव भाग पुढे गेली होती. पण चारचौघांत फजिती कशाला करायची? गिऱ्हाइकं गेल्यावर मी म्हटलं, “साहेब, उरलेला रविवारी सकाळी बघा. लख्ख उजेड असतो.”

त्यांनी कॅसेट पिशवीत टाकली आणि हळूच विचारलं, “शेठ, रविवारी सकाळी तुम्ही मोकळे आहात का?”