आईच्या तळ्याचं ठिगळ

…आणि परत गळतंय! अहो, गेल्याच रविवारी गुडघे टेकून ठिगळ लावलं मी, घासून, पुसून, वरून रूळ फिरवून, आणि आज सकाळी आईचा फोन, "तळं उतरलंय रे, येतोस का?" आता आईनं येतोस का म्हटल्यावर निघालो. चुकलं का माझं?

तुम्हाला सांगतो, हे तळं बाबांनी केलेलं. घरामागे खड्डा खणला, काळं रबर अंथरलं, पाणी भरलं, मासे सोडले. बाबा गेले, मासे आहेत. आमची ही म्हणते, "बुजवून टाका ना एकदाचं, एकट्या असतात आई, पाय घसरला म्हणजे?" तिचंही खरं आहे हो… पण बाबांच्या तळ्यात माती लोटायची? माझा हात नाही धजत. चुकलं का माझं?

बरं, भोक सापडायला नको? पाणी उतरतंय तेवढं उतरू द्यायचं, थांबेल त्या रेषेवर भोक. मग काठाकाठानं दुधाचे थेंब सोडायचे, दूध ओढलं गेलं की तिथं बोट. यावर ही म्हणते, "घरात चहाला दूध नाही, आणि तिकडे तळ्याला पाजून येताय." मग रबर कोरडं करा, ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोक ठेवलंत की तिथूनच उचलतं, दोन्हीकडे पंक्चरचं सोल्यूशन लावा आणि थांबा…

हे थांबणं बाबांचं फार आवडतं. एरवी माणूस घरात ठरायचा नाही, पायाला भिंगरी. पण ठिगळ चिकटवलं की हाक, "अगं ए, ये, वजन ठेवायचंय." की आई फळी टाकून ठिगळावर, बाबा शेजारी पाय सोडून, आणि दोघांच्या गप्पा सुरू. आम्ही पोरं इकडे भुकेनं कळवळतोय आणि यांचं ठिगळ काही वाळत नाहीये! काय एवढं बोलायची कोण जाणे… आई हसायची मात्र. तसं हसू नंतर नाही ऐकलं मी.

तर आज गेलो. दूध लागलंच नाही. जुन्या ठिगळाला लागूनच भोक, बारीक, गोल, सरळ आत गेलेलं. दगडाचं नाही, मुळाचं नाही. मान वर केली तर आई काठाशी खुर्चीत स्वेटर विणत बसलेली, आणि एका सुईच्या टोकाला चिखल.

"आई, हे तू केलंस?"

"मग काय करू? तुझे बाबा कधी स्वस्थ बसले का माझ्यापाशी? एक भोक पाडलं की दुपारभर बसायचे. शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना. आणि तू रे? सगळं ठीक असलं की फिरकतोस तरी का?"

आता चुकलं का माझं, हे विचारायची सोयच राहिली नाही. ठिगळ लावलं. आईला आता खाली बसवत नाही, म्हणून फळीवर मी बसलो. ती बोलत राहिली, बाबांचं, शेजारणीचं, माशांचं, आणि ठिगळ केव्हाच वाळलं होतं तरी मी काही उठलो नाही.

येताना दुकानात शिरलो, रबराचे तुकडे घेतले, सोल्यूशनचे डबे घेतले, पिशवी भरली. दुकानदार म्हणतो, "साहेब, किती दिवस ठिगळं लावणार? अख्खं रबरच बदला की. हल्ली जाड येतं, सुईसुद्धा आत जात नाही."

म्हटलं, "नको हो. आमचं पातळच बरं आहे."